तीन टोप्यांचे रेक्टर

आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरला की कोणीतरी हमखास रेक्टरांच्या गोष्टी काढतो. मग सगळे पोट धरून हसतात. एक जण त्यांच्या टोप्यांची नक्कल करतो, दुसरा घसा खाकरून "व्याख्या सांगा" म्हणायचा त्यांचा सूर लावतो आणि शेवटी एखादा डोळे पुसत म्हणतो, "पण माणूस तत्त्वाचा होता हो!" इथपर्यंत मी कसाबसा बसून असतो. 'तत्त्वाचा' हा शब्द कानावर पडला की उठून बाहेर जातो. माझं वय झालं आहे, रक्तदाब आहे, डॉक्टरांनी रागावू नका म्हणून बजावलं आहे. पण या एका माणसावरचा राग मी सोडणार नाही. तो कमी होऊ नये म्हणून मीच त्याची काळजी घेत आलो आहे.

चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, तेव्हा मध्यप्रदेशात होतं. कॉलेज नवंच निघालेलं, विद्यापीठ दूर नागपूरला. होस्टेल म्हणजे परकोटाच्या आत भाड्यानं घेतलेली एक लांबलचक कौलारू इमारत. आधी तिथं कापसाचे गठ्ठे ठेवत. पहिल्या वर्षी झोपताना नाकात कापसाचे तंतू जायचे. मुलं सगळी आमच्यासारखीच. मी सावलीचा, कोणी सिंदेवाहीचा, कोणी गडचिरोलीचा. घर सोडून राहायचं म्हणजे मामाकडे नाहीतर मावशीकडे, एवढंच आम्हांला ठाऊक. होस्टेल हा शब्दही धड तोंडात बसत नव्हता.

रेक्टर पुण्याकडे शिकून आलेले. तिथल्या कुठल्याशा मोठ्या होस्टेलात त्यांची चार-पाच वर्षं गेली होती आणि त्यांच्या आयुष्यातला सुखाचा काळ तोच असावा. तिथलं सगळं त्यांनी शब्दांसकट उचलून चांद्याला आणलं. आम्ही 'पोरं' नव्हतो, 'बोर्डर' होतो. हजेरीला 'रोल कॉल' म्हणायचं. खोल्यांच्या प्रत्येक ओळीचा एक 'प्रीफेक्ट', जेवणाचा एक 'मेस सेक्रेटरी'. दर रविवारी सकाळी व्हरांड्यात सतरंजी घालून ते आम्हांला हे शिकवायचे. रेक्टर कोणाला म्हणतात? वॉर्डन कोणाला? डे पास आणि नाइट लीव्ह यांत फरक काय? एकेकाला उभं करून व्याख्या म्हणवून घ्यायचे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. इतिहासाच्या तासाला हा माणूस चुकीची सालं सांगून मोकळा व्हायचा, पण प्रीफेक्टच्या व्याख्येत 'व' आणि 'किंवा' यांची गफलत त्याला खपायची नाही.

आता एवढ्या पदांना माणसं कुठून आणायची? पुण्याकडे प्रत्येक खुर्चीवर वेगळा माणूस होता. आमच्याकडे खुर्ची एक आणि माणूसही एकच. रेक्टर तेच, वॉर्डन तेच, मेस कमिटीचे अध्यक्षही तेच. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला, काम सोपं झालं. यांनी तीन टोप्या आणल्या. सकाळी आठ ते अकरा काळी टोपी, म्हणजे रेक्टर. संध्याकाळी सहापासून तपकिरी लोकरी टोपी, म्हणजे वॉर्डन. जेवणाच्या पंगतीत पांढरी टोपी, म्हणजे मेसचे अध्यक्ष. ज्या टोपीची वेळ नसेल ती ऑफिसातल्या खिळ्यावर लटकायची. पोरांनी त्यांचं नाव दत्त ठेवलं होतं. धड एक, डोकी तीन.

एकदा भातात खडे फार येऊ लागले. एकाचा दात तुटला. मी त्या महिन्यात प्रीफेक्ट होतो, म्हणून सकाळी तक्रार घेऊन गेलो. काळी टोपी म्हणाली, "हा विषय मेसच्या अध्यक्षांचा. त्यांना भेटा." पंगतीत पांढऱ्या टोपीला सांगितलं. ती म्हणाली, "बोर्डरला इजा झाली असेल तर ते आधी वॉर्डनच्या कानावर घाला." संध्याकाळी तपकिरी टोपीपुढे उभा राहिलो. ती म्हणते, "रेक्टर काय म्हणाले?"

"सर, तुम्हीच तर होते!"

"मी वॉर्डन आहे. रेक्टरांशी माझं याबाबत बोलणं झालेलं नाही."

मेळाव्यात या गोष्टीला सगळ्यांत जास्त हशा मिळतो. ज्याचा दात तुटला तोही हसतो. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. माणूस वेडा असता तर मी माफ केलं असतं. पण ते बोलताना त्यांच्या डोळ्यांत वेड नव्हतं, समाधान होतं. एखादं काम आपल्या अंगावरून छान सरकवल्यावर कारकुनाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, तेच.

या सगळ्या व्याख्यांत त्यांची लाडकी व्याख्या होती व्हिजिटर आणि गेस्टची. व्हिजिटर म्हणजे न कळवता आलेला माणूस. त्यानं फाटकाजवळच्या बाकावर बसायचं, बोर्डर असेल तर भेटायचं, घंटा झाली की जायचं. गेस्ट म्हणजे ज्याचं नाव आणि येण्याची तारीख बोर्डरनं आधी कळवून रेक्टरांची परवानगी घेतली आहे असा माणूस. गेस्टला खाट, ताट आणि पाणी. व्हिजिटरला बाक. व्हरांड्यातल्या रांजणावर त्यांनी स्वतः रंगानं लिहिलं होतं, 'बोर्डर व गेस्ट यांच्यासाठी'. चांद्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच कळेल, रांजणावर असं लिहायला किती कोरडं काळीज लागतं. खरं सांगायचं तर मुळात त्याला कारण होतं. उन्हाळ्यात विहीर आटायची आणि रस्त्यानं जाणारा-येणारा रांजण रिकामा करून जायचा. पण विहिरीला पाणी आलं, पावसाळा झाला, थंडी पडली, तरी ती अक्षरं तशीच राहिली आणि दरवर्षी नव्यानं रंगवली जाऊ लागली.

माझ्या खोलीतल्या दसरूची गोष्ट पुढे येईलच. लोक म्हणतात, त्याच्या बापाला त्यांनी तसं वागवलं ते जातीमुळे. तसं असतं तर मला बरंच वाटलं असतं. कोणाशी भांडायचं ते तरी कळलं असतं. पण तसं नव्हतं. त्यांचा सख्खा मेहुणा एकदा न कळवता होस्टेलवरच आला. त्याला त्यांनी बाकावर बसवलं, घंटा झाल्यावर "घंटा झाली" म्हणून सांगितलं आणि मेहुणा बिचारा धर्मशाळेत जाऊन झोपला. बायको आठ दिवस बोलत नव्हती म्हणे. हीच गोष्ट सांगून लोक 'तत्त्वाचा माणूस' म्हणतात.

आणि घरी? एकदा ऑफिसच्या किल्ल्या द्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. बोडक्या डोक्यानं, पंचा नेसून अंगणात बसले होते. मी दारात दिसताच ते स्वतः उठले आणि आतून गूळ-पाणी घेऊन आले. "उन्हातून आलास, आधी पाणी घे," म्हणाले. मी किती खूश झालो होतो त्या दिवशी! वाटलं, आतून माणूस मऊ आहे. आज तेच आठवून जास्त चीड येते. माणसाला पाणी द्यायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. घरी ठाऊक होतं आणि टोपी घातली की विसरायचं ठरवलं होतं.

दसरू माझा रूम-पार्टनर. गोंड, धानोऱ्याच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावचा. त्याच्या गावात मॅट्रिक झालेला तो पहिलाच. त्या रस्त्यावर बसचा भरवसा नव्हता. वैनगंगा डोंग्यानं ओलांडून तो आमच्या सावलीच्या घरी मुक्काम करायचा आणि मग आम्ही दोघं चांद्याला यायचो. माझी आई त्याला माझ्याआधी वाढायची. तो बी.ए. झाला नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी उगीच आशा धरायला नको.

रविवारच्या वर्गात तो पहिला असायचा. आम्हांला ते इंग्रजी शब्द चावायचे, त्याला नाही. त्याचं म्हणणं, "मले तं मराठी बी शिकाच लागली ना? आता हे बी शिकून राह्यलो." रेक्टर त्याच्यावर खूश होते. व्याख्या कोणाला आली नाही की म्हणायचे, "दसरू, तू सांग." आणि दसरू उभा राहून घडाघडा सांगायचा. त्याला सगळं पटायचंही. इतकी माणसं एका छपराखाली राहतात, कोणाचं कोणाशी नातं नाही, तर असले नियम पाहिजेतच, असं तो मलाच समजावायचा.

त्याच्या गावात मात्र तो इथं राहतो यावर कुरकूर होती. म्हातारी माणसं त्याच्या बापाला म्हणायची, पोरगा ठेवला खरा, पण कोणाच्या घरी ठेवला ते तू पाहिलं का? बाप म्हणाला, जाऊन पाहून येतो. घर बरं वाटलं तर शिकू द्यायचं, नाही तर परत आणायचं. तसा निरोप सावलीच्या बाजारात आलेल्या कोणाबरोबर तरी आला. दसरूला कोण आनंद झाला! तो सकाळी आठच्या ठोक्याला काळ्या टोपीपुढे उभा. मी बरोबर होतो.

"तारीख?" रेक्टर म्हणाले.

"सर, धानाचा चुरना झाला का येतो म्हन्ते."

"म्हणजे कधी?"

"चुरना झाला का, सर. मळनी होऊन धान घरात आला का."

"ही तारीख नाही. तारखेशिवाय गेस्ट नाही. व्याख्या सांग."

दसरूनं व्याख्या सांगितली. मग हिशेब करून, अंदाजानं, एक तारीख दिली. असली चूक त्याच्या गावचाच माणूस करू शकतो. तिथं माणूस येतो तो काम संपल्यावर येतो, तारखेला येत नाही. त्या वर्षी अवकाळी पाऊस आला, धान भिजलं, मळणी लांबली. दिलेल्या तारखेला दसरू दिवसभर फाटकाशी उभा होता. बाप आला नाही. रेक्टरांनी नावावर काट मारली. मुदत वाढवून घ्यायला दसरू पुन्हा गेला, तर म्हणाले, "एका गेस्टला एका सत्रात एकच तारीख."

बाप आला तो आठवड्याभरानं. मी दुपारी कॉलेजातून परतलो, तर फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली दसरूचा बाप उकिडवा बसलेला. शेजारी काठी आणि एक गाठोडं. गाठोड्यात नवे तांदूळ होते, हे मला नंतर कळलं. पोरगा ज्या घरी राहतो त्या घरासाठी आणले होते. दसरूचे त्या दिवशी तास उशिरापर्यंत होते, तो अजून यायचा होता.

फाटकावर रहीमभाई असायचे, होस्टेलचे शिपाई. मी त्यांना विचारलं, "कवाचे बसून हायेत हे?"

"सकायपासून, भाऊ. मी इचारलं कोनाले भेटाचं, तं मराठी समजत नाई त्याईले. बाकावर बसा म्हनलं तं बसत नाई."

"पानी देल्लं का?"

रहीमभाईंनी मान खाली घातली. "मी सायबाले जाऊन सांगतलं. साहेब म्हन्ते, आजच्या यादीत कोनाचंच नाव नाई. मागं एकाले देल्लं होतं तवा म्हनले, पुन्हा असं केलं तं नोकरी गेली समज. मले घरी चार लेकरं हायेत, भाऊ. काय करू?"

दसरूच्या गावात पाहुणा कोणाच्या दारात हाक मारत नाही. तो येतो आणि अंगणाच्या कडेला बसतो. घरचा माणूस पाणी घेऊन बाहेर येतो, मग बोलणं सुरू होतं. पाणी आलं नाही, तर या घराला आपण नको आहोत असं समजायचं. हे मला दसरूनंच सांगितलं होतं. म्हणजे तो म्हातारा नदी ओलांडून, एवढी वाट तुडवून आला होता आणि सकाळपासून पाण्याची वाट पाहत होता. इमारतीतून पोरं जात होती, येत होती. रेक्टर खिडकीतून पाहत होते. पाणी येत नव्हतं.

मी धावत जाऊन रांजणातून लोटा भरून आणला. म्हाताऱ्यानं मला ओळखलं; सावलीला तो आमच्या घरी राहून गेला होता. हसला. पण लोटा घेतला नाही. इमारतीकडे हात केला आणि गोंडीत काही म्हणाला. मी तिथला नव्हतो, त्याच्या पोरासारखाच बाहेरून आलेला होतो, हे त्याला माहीत होतं. पाणी त्या घरानं द्यायला हवं होतं. त्या क्षणी मला त्याचाही राग आला. प्यायला असता तर काय बिघडलं असतं?

मी लोटा तसाच घेऊन ऑफिसात शिरलो. रेक्टर वर्तमानपत्र वाचत बसले होते. डोकं बोडकं.

"सर, दसरूचे वडील आलेत."

"पाहिलं मी. त्यांची तारीख होऊन गेली."

"सर, सकाळपासून बसलेत. निदान पाणी तरी—"

"ते रेक्टरांना विचारा."

"रेक्टर तुम्हीच हाय ना!"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. आवाज जरासुद्धा चढला नाही. "रेक्टरांची वेळ अकराला संपली. वॉर्डनची सहाला सुरू होईल. या वेळी मी कोणीच नाही."

इतकी वर्षं झाली, हे वाक्य आठवलं की माझ्या कानशिलांत अजून ठोके पडतात. मी लोटा टेबलावर आपटला. पाणी वर्तमानपत्रावर सांडलं. मागच्या खिळ्यावरची काळी टोपी ओढून काढली आणि त्यांच्या डोक्यावर दाबून बसवली, पार कानांपर्यंत. म्हटलं, "आता झाले ना रेक्टर? उठा!"

मला वाटलं आता होस्टेलातून नाव गेलं. पण ते उठले. खिडकीच्या काचेत पाहून त्यांनी टोपी सरळ केली, गेस्टचं रजिस्टर आणि दौत-टाक घेतलं आणि "चला" म्हणाले. असं होतं ते सगळं! टोपी मिळाल्यावर हलले. तिच्यासाठी त्यांना एक हात लांब करावा लागला असता आणि तेवढा सकाळपासून केला नव्हता.

बाहेर दसरू येऊन पोचला होता. बापाशेजारी उभा होता. रेक्टर दौतीत टाक बुडवून म्हणाले, "नाव सांगा. विशेष बाब म्हणून आजची तारीख टाकतो. रहीम, पाणी आण."

म्हातारा पाण्याकडे पाहत नव्हता. त्यानं पोराला काही विचारलं.

"सर, बा इचारते," दसरू म्हणाला, "या घरचा घरधनी कोन?"

"सांग त्यांना, मी रेक्टर आहे."

दसरू सांगू लागला. गोंडीत पुष्कळ वेळ सांगत होता. मधेच ऑफिसकडे हात करायचा, मधेच टोपीकडे. ज्याला सगळ्या व्याख्या तोंडपाठ, तो अडखळत होता, मागे जाऊन पुन्हा सुरू करत होता. बापानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साधं काही विचारलं.

"बा म्हन्ते, मंग माहा पोरगा कोनाच्या घरी राह्यते?"

"होस्टेल हे कोणाचंही घर नसतं," रेक्टर म्हणाले. "तेच तर मी शिकवतो."

हे दसरूनं एका दमात सांगितलं. बाप काठी टेकून उठला. तांदळाचं गाठोडं त्यानं पुन्हा खांद्यावर टाकलं.

दसरू आत येऊन वळकटी बांधू लागला तेव्हा मी त्याच्याशी भांडलो. "काऊन जाऊन राह्यला बे तू? परीक्षा दोन महिन्यांवर आली! बापाले समजाव!"

"काय समजावू?" तो दोरी आवळत म्हणाला. "गावात इचारतीन त्याले, पोरगा कोनाच्या घरी ठेवून आला? काय सांगल तो? माह्या बापाले खोटं बोलता येत नाई."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला बापाचं मनगट धरून म्हणावंसं वाटत होतं की बाबा, तुझी रीत सांभाळायला तुझ्या पोराचं शिक्षण कशाला? पण तो राग टिकला नाही. रीत एकाची होती, तशी दुसऱ्याचीही होती. फरक एवढाच की एकाची रीत तहानलेल्याला पाणी द्यायची होती आणि दुसऱ्याची न द्यायची.

फाटकात रेक्टर रजिस्टर धरून उभेच होते. सत्र संपण्याआधी सोडून जाणाऱ्या बोर्डरनं अर्ज कसा करायचा ते त्यांनी दसरूला सांगितलं. दसरूनं मान हलवली. मग बाप पुढे आला, रेक्टरांना हात जोडले आणि शांतपणे काही बोलला. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला आनंद झाला असता.

"बा म्हन्ते," दसरू म्हणाला, "कदी आमच्या गावाकडं आले तं आमच्या अंगनात बसा. मी पानी घेऊन येतो म्हन्ते."

"जरूर येईन," रेक्टर म्हणाले. तेही मनापासून बोलत होते. "फक्त तारीख आधी कळवीन, म्हणावं."

म्हाताऱ्यानं अर्थ कळावा म्हणून पोराच्या तोंडाकडे पाहिलं. त्या दिवशी दोन्हीकडची सगळी वाक्यं दसरूनं इमानदारीनं इकडून तिकडे पोचवली होती. हे एक त्यानं बापाला सांगितलं नाही. वळकटी डोक्यावर घेतली आणि बापाच्या पुढे चालू लागला.